रिपोर्ट नॉर्मल, मग बाईचं काय?

‘‘सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. काही झालेलं नाही तुम्हाला.’’

हे वाक्य ऐकून खरं तर सुटल्यासारखं वाटायला हवं. पण वर्षानुवर्षं कंबर, मान नाहीतर सांधे दुखणारी बाई ते ऐकते, तेव्हा तिच्या पोटात धस्स होतं. कारण त्याचा पुढचा भाग घरी सुरू होणार असतो. ‘मनाचं आहे सगळं.’ ‘काम नको म्हणून दुखतं.’ ‘लावणीच्या वेळी बरी कंबर धरते, लग्नाला जाताना नाही दुखत ती!’

आपल्या जिल्ह्यातल्या बाईचा दिवस जरा आठवून बघा. आषाढात चिखलात तासन् तास ओणवं राहून भाताची लावणी. आंब्याच्या दिवसांत उकिडवं बसून फळं निवडायची, पेट्या भरायच्या. काजूच्या कारखान्यात एका जागी बसून गर सोलायचे. मासे विकणारीच्या डोक्यावर पाटी. घाटीवरून पाण्याचे हंडे, मागीलदारी धुणं, आणि गणपतीत चाकरमानी आले की पंधरा-वीस माणसांचं रांधणं-वाढणं. एवढं करून शरीर कुरकुरलं तर नवल ते काय? पण ‘बायकांचं दुखणं चालायचंच’ हे आपण इतकं गृहीत धरलंय, की दुखणारी बाईसुद्धा ते बोलून दाखवायला लाजते.

तीन महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या वेदनेला डॉक्टर जुनाट वेदना म्हणतात. ताजी जखम दुखते ती आपल्याला सावध करायला. जुनाट वेदनेत बरेचदा मूळ इजा भरून आलेली असते, पण मज्जासंस्था धोक्याची घंटा वाजवतच राहते. ही घंटा एक्स-रेमध्ये दिसत नाही. म्हणून रिपोर्ट नॉर्मल आणि बाई बेजार, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. वेदनांचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली. वेदना हा शरीराचा तसाच भावनेचाही अनुभव आहे, असं ती सांगते. सोबत आणखी एक गोष्ट स्पष्ट केली आहे : माणूस ‘मला दुखतंय’ म्हणतो, तेव्हा त्याच्या सांगण्याचा मान राखावा. मला वाटतं, हे वाक्य प्रत्येक दवाखान्यात आणि प्रत्येक माजघरात लिहून ठेवावं.

आता त्या लग्नाच्या टोमण्याबद्दल. मेलझॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी १९६५ साली मांडलं, की वेदनेचा निरोप मेंदूकडे जाताना मज्जारज्जूत जणू एक दार लागतं. मेंदूकडून येणारे संदेश ते दार उघडू शकतात, तसंच लोटूनही घेऊ शकतात. काळजी, भीती, जागरण असलं की दुखणं वाढतं. मन कुठे रमलं, चार जिवाभावाची माणसं भेटली की तेच दुखणं थोडं मागे सरतं. म्हणजे लग्नात तिला कमी दुखलं, तर ते ढोंग नव्हे. चार घटका तिचं मन मोकळं होतं, एवढाच त्याचा अर्थ. दुसऱ्या दिवशी ती अंथरुणातून कशी उठली, हे मात्र कोणी विचारत नाही.

माझ्या आईला २००६ साली चिकनगुनिया झाला. १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत साथ आली होती. त्यानंतर तीसेक वर्षांनी हा आजार देशभर पसरला, तेव्हाची ही गोष्ट. ताप आठवड्यात गेला, पण बोटांचे सांधे पुढची दोन वर्षं दुखत राहिले. मोदकाच्या कळ्या पाडताना बोटं वळेनात. ‘वय झालं आता’ एवढंच तिला जागोजागी ऐकायला मिळालं. हळूहळू तिने हळदीकुंकवाला जाणं सोडलं. झोप गेली, जेवणावरची वासना गेली. ‘मी आता कोणाच्या उपयोगाची नाही,’ असं ती म्हणायची. सांध्यांबद्दल तिला दहा जणांनी विचारलं, मनाबद्दल एकानेही नाही.

आणि इथेच खरी गाठ आहे. सततच्या वेदनेने नैराश्य येतं आणि नैराश्याने वेदना अधिक टोचते. दोन्हींवर एकत्र उपचार व्हायला हवेत. पण मनाच्या डॉक्टरकडे जा म्हटलं, की आपल्याकडे घर हादरतं. ठाणे, येरवडा आणि नागपूरच्या जोडीला राज्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय आपल्या रत्नागिरीत आहे. ब्रिटिश काळापासूनची ही संस्था. तिच्या बाह्यरुग्ण विभागात जाऊन गोळ्या घेऊन घरी परतता येतं. पण आपण त्या जागेची थट्टाच जास्त केली. उपचार गावात असून त्यांची वाट बायकांना बंद झाली, ती या थट्टेपायी.

मग करायचं काय? एक तर डॉक्टरांसमोर नुसतं ‘अंग दुखतं’ म्हणू नका. केव्हापासून, कशाने वाढतं, झोप किती लागते, रडू येतं का, हे आठवडाभर वहीत टिपून न्या. डॉक्टरांनी नैराश्यावरचं औषध कमी मात्रेत दिलं, तर ‘मला वेडी ठरवलं’ म्हणून ते टाकून देऊ नका. त्यातली काही औषधं वेदनेचे निरोप मंदावतात, म्हणूनही दिली जातात. उलट मेडिकलमधून मनाने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या वर्षानुवर्षं खाल्ल्या, तर मूत्रपिंड आणि जठर दोन्ही धोक्यात येतात. पडून राहू नका. झेपेल तेवढं चाला, फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम करा. एका दिवसात सगळं उरकून चार दिवस झोपण्यापेक्षा काम थोडं थोडं करा. मरणाचे विचार येत असतील, तर ते एकटीने सोसू नका. टेली-मानसच्या १४४१६ या नंबरवर रात्री-अपरात्रीही फोन करता येतो, मराठीत बोलता येतं, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

पण सगळा भार बाईवरच टाकायचा का? मंडणगडच्या बाईला रत्नागिरीला येऊन परत जायचं, तर अख्खा दिवस एस.टी.त जातो. शिवाय मजुरी बुडते ती वेगळीच. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात ठरलेल्या वारी मनोविकारतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट एकत्र बसलेच पाहिजेत. सांधेदुखी घेऊन आलेल्या प्रत्येक बाईला ‘झोप लागते का? मन कशात रमतं का?’ हे दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत. त्याला कुठलं मशीन लागत नाही.

आणि घरच्यांना एवढंच सांगणं : तिचं दुखणं तुम्हाला घालवता येणार नाही कदाचित. पण हंडा तुम्ही उचलू शकता, लादी तुम्ही पुसू शकता. आणि ‘आज कसं आहे?’ असं विचारल्यावर तिचं उत्तर संपेपर्यंत तिथे थांबू शकता.