दोघांचे मिळून एक तिकीट

गेल्या खेपेला सप्तशृंगीच्या गडावरची आमची फजिती वाचून पुष्कळ भगिनींची पत्रे आली. "तुमचे हे खरंच असे आहेत का?" असे एकीने विचारले आहे. बाई, असेच आहेत. यंदाच्या श्रावणात पालघरला गेलो तेव्हाही असेच होते.

पालघरच का, ते आधी सांगते. आमचा धाकटा बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहे. अडीच वर्षांपूर्वी गारपिटीने द्राक्षाचा बाग झोडपून काढला, त्याच महिन्यात त्याने नोकरी धरली. निघताना बापलेकांत जे बोलणे झाले ते इथे लिहीत नाही. तेव्हापासून दोघे एकमेकांशी बोललेले नाहीत. मी फोनवर बोलते, हे शेजारी बसून पेपर वाचतात आणि पान काही उलटत नाहीत.

यंदा मीच म्हटले, "ऑक्टोबरच्या छाटणीला अजून वेळ आहे. समुद्र पाहून येऊ. 15 ऑगस्टला त्याला सुट्टी असते." हे म्हणाले, "समुद्र पाहायला हरकत नाही." सुट्टीबद्दल काही बोलले नाहीत. मी पिशवी भरली.

नाशिकहून पालघरची एस.टी. त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, विक्रमगड, मनोर अशी जाते. बायकांना 2023 पासून अर्धे तिकीट आहे आणि हे पासष्टीच्या पुढचे, म्हणून यांचेही अर्धे. कंडक्टर हसून म्हणाला, "आजी, दोघांचं मिळून एकच तिकीट झालं की!" लग्नाला एकेचाळीस वर्षे झाली, पण असा हिशेब कोणी मांडला नव्हता.

जव्हारपुढे डोंगरउतारावर नाचणी आणि खाली खाचरांत भात. हे खिडकीतून शेतं मोजत होते. मनोर सोडल्यावर पालघरच्या अलीकडे वाघोबाची खिंड लागते. पावसाळ्यात तिथे धबधबा कोसळतो आणि रस्त्याकडेला वाघोबाचे देऊळ आहे. वारली लोकांचा हा देव. ज्याची भीती त्यालाच देव करून हात जोडायचे, म्हणजे तो आपला होतो. आमच्या ड्रायव्हरने गाडी हळू केली आणि एका हाताने नमस्कार केला. दुसरा हात स्टिअरिंगवर होता, म्हणून मी दोन्ही हातांनी केला.

दुसऱ्या दिवशी 14 ऑगस्ट. सकाळी लॉजवरून निघालो तर बाजारपेठ सामसूम. हे चिडले, "चहासुद्धा नाही?" मग कळले ते असे. 1942 साली याच तारखेला चले जाव चळवळीतला मोर्चा पालघरच्या कचेरीवर गेला होता आणि पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण गेले. सातपाटीचे काशिनाथ हरी पागधरे, नांदगावचे गोविंद गणेश ठाकूर, पालघरचे रामप्रसाद भीमाशंकर तिवारी, मुरब्याचे रामचंद्र महादेव चुरी आणि सालवडचे सुकुर गोविंद मोरे. त्यांच्या स्मरणार्थ चौकात पाच दिवे आहेत, म्हणून त्या चौकाला पाचबत्ती म्हणतात. शाळेची मुले रांगेत उभी होती. यांनी टोपी काढली. परत घातल्यावर म्हणाले, "यांच्या घरी कोणी कळवलं असेल गं? तेव्हा फोन कुठं होते." मी म्हटले, "आता आहेत ना." पण चहा विचारावा तसे त्यांनी तेही ऐकले नाही.

दुपारी रिक्षाने शिरगावला गेलो. समुद्राकाठी किल्ला आहे, बुरूज अजून उभे आहेत. पण किल्ल्यापेक्षा माझ्या लक्षात राहिले ते आतले झाड. ताडाच्या जातीचे, पण फांद्या फुटलेले! ताड-माडाला शेंड्याला एकच कोंब असतो, तो गेला की झाड संपले, हे आपल्याला ठाऊक. इथे एका बुंध्याचे दोन, दोहोंचे चार असे फाटे निघून प्रत्येकावर झावळ्यांचा झुबका. याला रावणताड म्हणतात. रावणाची तोंडे दहा, म्हणून यांनी खालून बोट दाखवत मोजायला सुरुवात केली. तीनदा मोजले, तीनदा निराळा आकडा आला. बागायतदार माणूस, झाड चुकीचे वाढलेय की बरोबर, हे त्यांना ठरवता येईना. "कोणी छाटलं नाही म्हणून असं झालं," हे त्यांचे मत. मी म्हटले, "त्याची जातच फाटे फुटायची असेल." यावर दहा मिनिटे वाद. पाऊस आला म्हणून मिटला.

तिथून सातपाटी जवळच. हे माळकरी, नाकाला उपरणे लावून चालले. पावसाळ्यातली मासेमारी बंदी 31 जुलैला संपते, त्यामुळे होड्या नुकत्याच लागलेल्या आणि जेटीवर नुसती धावपळ. सातपाटीचे पापलेट नामांकित. कोळी त्याला सरंगा म्हणतात आणि 2023 साली तोच राज्यमासा म्हणून जाहीर झाला. एका कोळीणबाईने पाटीतला एक उचलून यांच्यापुढे धरला, "आबा, हात लावून तरी बघा, सरकारी पाहुणा आहे!" यांनी उपरण्याआडून पाहिले. नंतर मला म्हणाले, "चांदीच्या ताटलीसारखा आहे." माळकऱ्याच्या तोंडून माशाची एवढी स्तुती पहिल्यांदाच ऐकली. त्या बाईने आणखी एक सांगितले, की हल्ली फार बारका मासा जाळ्यात येतो आणि तो वाढायच्या आत विकला जातो. हे लगेच म्हणाले, "म्हणजे कच्चं द्राक्ष तोडल्यासारखं." मग ती आणि हे, कोणाचा धंदा जास्त बुडीत यावर बराच वेळ बोलत बसले. उपरणे केव्हा खाली आले ते त्यांनाही कळले नाही.

15 तारखेला पालघरहून लोकल पकडली. 2013 पासून मुंबईची लोकल डहाणूपर्यंत येते. मधे उमरोळी, की आलेच बोईसर. उतरल्यावर मी म्हटले, "त्याची खोली जवळच आहे म्हणाला." हे म्हणाले, "आधी तारापूरचा किल्ला पाहू. पाऊस आला तर राहून जाईल." पाऊस तर कालपासून पडतच होता.

बोईसर सोडताना कारखान्यांच्या रांगा आणि एक उग्र वास. हे सारखे बाहेर पाहत होते. धाकट्याचा कारखाना कोणता ते त्यांना माहीत नव्हते आणि मला विचारायचे नव्हते. मी आपली रिक्षावाल्याला मोठ्याने विचारत राहिले, "हा कुठला? आणि हा?"

तारापूर म्हटले की आम्हा शाळकरी पिढीला अणुवीज आठवते. देशातले ते पहिले अणुवीज केंद्र, 1969 साली सुरू झाले. 2005 आणि 2006 साली आणखी दोन मोठ्या अणुभट्ट्या चालू झाल्या. त्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावे उठली. आत अर्थातच जाता येत नाही. पहिल्या दोन भट्ट्यांची तत्त्वाने रीत मात्र आपल्या चुलीचीच. युरेनियमच्या उष्णतेने पाणी उकळायचे, वाफेने चक्र फिरवायचे आणि ती वाफ थंड करायला समुद्राचे पाणी. हे म्हणाले, "इथं आधण ठेवतात आणि आपण रात्री दोनला मोटार चालू करायला उठतो." त्यावर रिक्षावाला म्हणाला की वीज इथे होते म्हणून इथली जात नाही असे काही नाही. तेव्हा यांना जरा बरे वाटले.

तारापूरचा किल्ला खाजगी मालकीचा आहे. आत वाडी आहे, विचारून गेलो. तटाच्या आत माड आणि ओलसर गार सावली. पोर्तुगीजांचा हा किल्ला चिमाजी आप्पांच्या फौजेने 1739 च्या जानेवारीत घेतला. तटाखाली सुरुंग लावले होते. त्या लढाईत बाजी भीवराव रेठरेकर हा नावाजलेला सरदार पडला. त्याच्या आईला सांत्वनाचे पत्र खुद्द बाजीराव पेशव्यांनी लिहिले. हे मी येताना वाचून गेले होते, ते तिथे सांगितले. हे तटाच्या दगडावर टेकले. म्हणाले, "पेशव्यालासुद्धा लिहावं लागलं." मी काही बोलले नाही. अशा वेळी बोलले की बिघडते, एवढे एकेचाळीस वर्षांत कळले आहे.

वातावरण हलके करावे म्हणून तारापूरच्या पारशांची गोष्ट काढली. विकाजी आणि पेस्तनजी मेहेरजी हे भाऊ इथले. एकोणिसाव्या शतकात त्यांची पेढी निजामाच्या हैदराबादेत एवढी वाढली, की औरंगाबादच्या टांकसाळीत पेस्तनजींनी पाडलेल्या रुपयाला लोक पेस्तनशाही म्हणत. मी म्हटले, "बघा, गाव सोडलं म्हणून रुपये पाडले." हे म्हणाले, "आणि निजामानं पैसे थकवले नि पेढी बुडाली, ते नाही सांगितलंस." तेवढे वाचून त्यांनीही ठेवले होते तर!

शेजारचे चिंचणी पाहायला गेलो तो पावसाने गाठले. एका घराच्या ओटीवर थांबलो. घरातले गुरुजी निवृत्त, बोलायला माणूस हवाच होता. त्यांनी चहा दिला आणि सांगितले, की 1955 साली या चिंचणीत जुने ताम्रपट सापडले. त्यांतला एक इसवी सन 926 चा, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळचा. तेव्हा संजाणच्या मुलखाचा कारभारी होता एक अरब. नाव मुहम्मद, पण ताम्रपटात त्याचे मधुमती असे संस्कृत नाव झाले आहे. या माणसाने काय केले, तर दोन नद्यांवर फुकट तर ठेवली आणि एक अन्नछत्र घातले, येणाऱ्याजाणाऱ्याला भात, भाजी, तूप. देवीच्या मठाला जमीन दिली गेली, तीही त्याच्याच कारभारात. अकराशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट. किती लढाया जिंकल्या हे पुष्कळ राजे कोरून ठेवतात, पण तूप वाढल्याचे कोरलेले मी पहिल्यांदा ऐकले.

हे कप खाली ठेवून म्हणाले, "कुठला कोण, समुद्रापलीकडचा. इथं येऊन लोकांना जेवू घातलं." मग घड्याळ पाहिले. "दोन वाजले. तो जेवायचा थांबला असेल."

तो म्हणजे कोण, हे मी विचारले नाही. रिक्षा बोलावली.

खोली तिसऱ्या मजल्यावर. धाकट्याने दार उघडले, वाकून पाया पडला. हे "असू दे, असू दे" म्हणाले आणि सरळ गॅलरीत गेले. तिथे तेलाच्या डब्यात द्राक्षाची एक काडी लावलेली होती. मागच्या दिवाळीला तो गुपचूप मळ्यात येऊन गेला होता, हे उघडे पडायची ही वेळ. मी पदर तोंडाला लावला. यांनी पान उलटे करून पाहिले, बोटाने चोळले, वास घेतला.

"डाऊनी आलीय. पाणी जास्त घालतोस."

"पाऊसच जास्त आहे, आबा."

"मग आत घेत जा ना. त्याला काय पाय आहेत?"

अडीच वर्षांनंतरचे हे पहिले बोलणे. खिचडी त्यानेच केली होती, जरा खारट झाली होती. यांनी दोनदा घेतली.

परतीच्या एस.टी.त जव्हार मागे पडल्यावर म्हणाले, "छाटणीला चार दिवस सुट्टी मिळते का त्याला, विचारलंस?"

"तुम्हीच विचारा," म्हटले आणि पिशवीतून फोन काढून दिला.

डोंगरात रेंज नव्हती. त्र्यंबक येईपर्यंत फोन त्यांच्या हातातच होता.