घशात काडी की बाटलीत गुळणी?

सकाळी उठलात आणि आवंढा गिळतानाही घशात काटे टोचले, तर तुम्ही काय करता? मीठ-पाण्याच्या गुळण्या, हळदीचं दूध आणि संध्याकाळपर्यंत आराम पडला नाही की कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून अ‍ॅझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्या. बरोबर ना? लातूरचा ट्यूशन एरिया असो की नांदेडमधली क्लासवाल्या मुलांची होस्टेल्स, एका खोलीत तीन-चार जण राहतात. एकाचा घसा धरला की गोळ्यांचा सल्ला अख्ख्या खोलीत फिरतो!

पण बॉस, बहुतेक घसेदुखी व्हायरसची असते आणि तिथे अँटिबायोटिकचा काडीचाही उपयोग नाही. घसा दुखणाऱ्या शंभर मोठ्या माणसांत साधारण ५ ते १५ जणांनाच स्ट्रेप्टोकॉकस या जंतूचा 'स्ट्रेप थ्रोट' असतो. लहान मुलांत हे प्रमाण २० ते ३०. मग टेन्शन कशाचं? तर उपचार न झालेल्या स्ट्रेपमधून काही जणांना, विशेषतः ५ ते १५ वयाच्या मुलांना, ऱ्हुमॅटिक फिव्हर होतो आणि हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडू शकतात. दुखणं सुरू झाल्यापासून ९ दिवसांच्या आत योग्य औषध सुरू झालं, तर हा धोका टळू शकतो. म्हणजे व्हायरसला औषध नको आणि स्ट्रेपला चुकवायचं नाही. हे ठरवायला टेस्टच हवी.

टेस्ट म्हटली की आली ती काडी! टॉन्सिलला टेकताच उमासा येतो, लहान मुलं तर तोंडच उघडत नाहीत. मग गुळणी करून बाटलीत थुंकलं तर चालणार नाही का? हा प्रश्न अगदी रास्त आहे, कारण आपल्याच राज्यात हे करून दाखवलं गेलंय. २०२१ मध्ये नागपूरच्या 'नीरी' संस्थेने कोविडसाठी सलाईनच्या गुळणीची आरटी-पीसीआर पद्धत काढली आणि आयसीएमआरने तिला मान्यता दिली. काडी नाही, पेशंट स्वतःच सॅम्पल देणार. एकदम सोपं!

स्ट्रेपचं गणित मात्र वेगळं आहे. हा जंतू टॉन्सिलवर आणि घशाच्या मागच्या भिंतीवर ठाण मांडून बसतो. गाल, जीभ किंवा लाळेत तो कमी सापडतो. तोंडातला स्वॅब आणि घशातला स्वॅब यांची तुलना झाली, तेव्हा तोंडातल्या स्वॅबमधून बरेच खरे रुग्ण निसटले. पीसीआर अगदी थोडे जंतूही पकडते, त्यामुळे लाळ आणि गुळणीवर अभ्यास सुरू आहेत. पण आज तरी भरवशाची आहे ती काडीच.

काडी घातली तरी ती नीट फिरवायला हवी. दोन्ही टॉन्सिल्स आणि मागची भिंत, जिभेला न लावता. पाच सेकंदांचं काम! अँटिबायोटिक घेण्याआधी सॅम्पल द्या, नाहीतर रिपोर्ट फसवा येऊ शकतो. रॅपिड टेस्टचं उत्तर काही मिनिटांत मिळतं, पण ती शंभरातले साधारण ८५ खरे रुग्ण पकडते. म्हणून मुलांमध्ये ती निगेटिव्ह आली तर कल्चर करतात. त्याला एक-दोन दिवस लागतात.

ताप आहे, जबड्याखाली गाठी दुखतात, टॉन्सिलवर पांढरे ठिपके आहेत आणि खोकला मात्र नाही? मग मेडिकल नको, डॉक्टर गाठा आणि विचारा, "स्वॅब घ्यायचा का?" रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर पेनिसिलिन गटातलं औषध सहसा पूर्ण १० दिवस घ्यायचं असतं. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून उरलेल्या गोळ्या रूममेटला द्यायच्या नाहीत!