गंगावन कोणासाठी?



बारामती एमआयडीसीत शिवणकामाला जाणाऱ्या मुलींच्या बैठकीत हल्ली मला एक प्रश्न हमखास येतो : 'ताई, माझे केस फार पातळ आहेत. पार्लरमध्ये जोडून घेऊ का?' हा चळवळीचा प्रश्न आहे का, असं काही कार्यकर्त्यांना वाटेल. मला तो आहे असं वाटतं. आपल्या पगाराचं काय करायचं हे ती मुलगी स्वतः ठरवू पाहते आहे. तिला हसून गप्प केलं, तर ती फक्त विकणाऱ्याचंच ऐकेल.

म्हणून आधी माहिती. गंगावन आपल्याला नवं नाही. आजी ते वेणीत गुंफायची आणि रात्री काढून ठेवायची. आजच्या पद्धतींत ही रोज काढायची सोय क्लिपच्या केसांत आहे. ते कधीमधी, थोड्या वेळासाठी ठीक. टेपनं चिकटवायचे केस चपटे आणि हलके असतात, पातळ केसांना त्यातल्या त्यात बरे. पण साधारण सहा ते आठ आठवड्यांनी ते काढून पुन्हा लावावे लागतात, म्हणजे खर्च एकदाचा नाही. घट्ट वेण्यांवर शिवलेले केस पातळ केसांना जड होतात. मुळांना सतत ओढ बसली की कपाळाजवळचे केस गळतात आणि ती ओढ फार दिवस राहिली तर परत येत नाहीत. डोकं दुखलं, पुटकुळ्या आल्या, तर लगेच काढून घ्यावेत.

निगा साधी आहे. टेपच्या जोडावर तेल नको, चिकटा सुटतो. सौम्य शाम्पू वापरावा, कंडिशनर फक्त टोकांना. विंचरताना टोकांकडून वर जावं. ओल्या केसांनी झोपू नये, झोपताना सैल वेणी घालावी. मशीनवर बसताना केस बांधून रुमालाखाली घ्यावेत. महागड्या बाटल्यांचा संच घ्यायलाच हवा असं नाही.

पण केस पातळ का झाले, हे कोण विचारणार? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. शरीरात लोह कमी पडणं, थायरॉइडचा विकार, बाळंतपण ही केसगळतीची नेहमीची कारणं. बाळंतपणानंतरची गळती बहुधा वर्षभरात आपोआप थांबते. पार्लरआधी सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घेणं शहाणपणाचं.

आणि हे केस येतात कुठून? काही देवळांत अर्पण केलेले असतात. काही आपल्याच फणीत अडकलेले, दारावर भांड्यांच्या बदल्यात दिलेले गुंते असतात. ते गोळा करणाऱ्या, सोडवणाऱ्या बायांच्या हाती किती पडतं, हेही विचारायला हवं.

बाईच्या केसांचा निर्णय दुसऱ्यांनी घ्यायची आपल्याकडे जुनी रीत आहे. विधवांचं केशवपन सक्तीनं होत असे. १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं नाभिकांनी विधवांचं मुंडण करायला नकार दिला. आज वस्तरा नाही, पण मुलगी बघायला आलेले लोक अजूनही वेणीची लांबी बघतात.

तेव्हा मुलींना 'नको' म्हणू नका. पुढच्या बैठकीत रक्ततपासणी ठेवा, खर्चाचा हिशेब मांडा आणि एवढंच विचारा : हे तुला हवंय, की बघायला येणाऱ्यांना? तुलाच हवं असेल, तर नीट पारखून घे.