जांभळ्या रंगाची साक्ष

लहानपणी तोंड आले की आई जांभळे औषध लावायची आणि दिवसभर ओठ रंगलेले राहायचे. जेन्शियन व्हायोलेट हे त्या औषधाचे नाव, आणि त्यातला मुख्य रंग म्हणजे क्रिस्टल व्हायोलेट. पुढे मी पॅथॉलॉजीकडे वळलो आणि हाच रंग माझ्या रोजच्या कामाचा झाला. या स्वस्त रंगाची साक्ष न काढताच आपण महागडी औषधे घेतो, असे माझे स्पष्ट मत आहे; म्हणून आजचा हा लेख.

१८८४ साली बर्लिनमध्ये हान्स ख्रिश्चन ग्रॅम हा डॅनिश डॉक्टर न्यूमोनियाने दगावलेल्या रुग्णांच्या फुप्फुसातील जंतू पाहत होता. त्याने शोधलेली पद्धत आजही बहुतेक तशीच वापरली जाते. काचपट्टीवर पुवाचा पातळ थर वाळवून तो ज्योतीवर पक्का करायचा. त्यावर मिनिटभर क्रिस्टल व्हायोलेट, मग मिनिटभर आयोडीन. नंतर स्पिरिटने काही सेकंद धुऊन शेवटी सॅफ्रॅनिन हा तांबडा रंग द्यायचा. जाड कवचाचे जंतू जांभळा रंग धरून ठेवतात. ते ग्रॅम पॉझिटिव्ह. पातळ कवचाचे जंतू तो सोडतात आणि गुलाबी दिसतात. ते ग्रॅम निगेटिव्ह. वाचकहो, येथे पॉझिटिव्ह म्हणजे वाईट आणि निगेटिव्ह म्हणजे चांगले असे मुळीच नाही. या फक्त दोन जाती आहेत. सूक्ष्मदर्शकातून हजारपट मोठे करून पाहिले की जंतू द्राक्षाच्या घडासारखे आहेत, माळेसारखे आहेत की काडीसारखे, तेही कळते. सारे काम अर्ध्या तासाचे.

हे कळून काय उपयोग? काही वर्षांपूर्वी मधुमेह असलेले एक शेतकरी काका पायाची चिघळलेली जखम घेऊन आले. शेजाऱ्याला ज्या गोळ्यांनी गुण आला होता, त्याच गोळ्या त्यांनी चिठ्ठीशिवाय आणून चार दिवस घेतल्या होत्या. गोळ्या प्रामुख्याने जांभळ्या जंतूंवर चालणाऱ्या होत्या. माझ्या काचपट्टीवर मात्र गुलाबी काड्यांची गर्दी! त्यांच्या डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी औषध बदलले. पाय वाचला, एक बोट मात्र गेले. ते चार दिवस फुकट गेले नसते तर कदाचित बोटही राहिले असते.

या तपासणीलाही मर्यादा आहेत. ग्रॅमने स्वतःच आपली पद्धत अपुरी असल्याचे नम्रपणे लिहून ठेवले होते. क्षयाच्या जंतूसाठी वेगळी रंगपद्धत लागते. विषाणू यात दिसतच नाहीत. नेमके कोणते औषध लागू पडेल हे कल्चर केल्यावरच कळते आणि त्याला दोन-तीन दिवस लागतात. पण तोवर अंधारात चाचपडण्यापेक्षा हातात कंदील असलेला बरा. रुग्ण अत्यवस्थ असेल तर डॉक्टर अहवालाची वाट न पाहता इंजेक्शन सुरू करतात, आणि ते योग्यच आहे.

माझे सांगणे एवढेच. प्रतिजैविके स्वतःच्या मनाने घेऊ नका. २०१४ पासून यांतील अनेक औषधे 'एच-१' यादीत आहेत. ती विकताना रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव नोंदवणे दुकानदारावर बंधनकारक आहे. पू, लघवी किंवा थुंकी तपासायची असेल तर शक्यतो पहिल्या गोळीपूर्वीच नमुना द्या. औषध पोटात गेल्यावर जंतू दबतात आणि अहवाल फसवा येऊ शकतो. 'डॉक्टरसाहेब, ग्रॅम तपासणी करून घ्यायची का?' असे विचारण्यात संकोच कसला? चांगल्या डॉक्टरांना अशा प्रश्नाचा राग येत नाही.

आधी नमुना, मग गोळी, हा क्रम घरातल्या सर्वांनी लक्षात ठेवावा.