जमिनीची उंची हार्डकोड करू नका

भारताचं दक्षिण टोक कुठलं असं विचारलं की बहुतेक जण पटकन कन्याकुमारी म्हणतात. ते झालं मुख्य भूमीचं. देशाचं खरं टोक म्हणजे ग्रेट निकोबार बेटावरचा इंदिरा पॉइंट. तिथे १९७२ पासून एक दीपगृह आहे. २६ डिसेंबर २००४ च्या सकाळपर्यंत ते कोरड्या जमिनीवर होतं. त्या दिवसानंतर त्याचा पायथा समुद्रात गेला. फोटो बघून आपल्याला वाटतं की त्सुनामीने किनारा खाल्ला. पण लाट आली नि गेली, पाणी मात्र तिथेच राहिलं. कारण खालची जमीनच साधारण सव्वाचार मीटर खचली होती. म्हणजे एका मजल्यापेक्षा जास्तच की!

आपली समुद्राबद्दलची समज घडते ती कोकणात. १६६४ साली बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग आजही मालवणसमोर उभा आहे. त्यामुळे आपल्या डोक्यात एक गृहीत पक्कं बसलेलं असतं: पाणी वरखाली होतं, जमीन जिथल्या तिथे राहते. कोकणापुरतं हे चालून जातं, कारण तिथल्या किनाऱ्याखाली एक प्लेट दुसऱ्या प्लेटखाली घुसत नाहीये. अंदमान-निकोबारच्या खाली मात्र नेमकं हेच चाललंय. याला म्हणतात सबडक्शन झोन.

आता हे प्रकरण चालतं कसं ते बघू. भारतीय प्लेट पूर्वेकडच्या छोट्या बर्मा प्लेटखाली तिरकी घुसते. ही दोन्ही बेटं मुळात त्यातूनच आली. खाली जाणाऱ्या प्लेटवरचा समुद्रतळाचा गाळ खरवडला गेला, त्याच्या घड्या एकावर एक चढत गेल्या आणि त्यांचा माथा पाण्याबाहेर आला. बाराटांग बेटावर अजूनही चिखलाचे ज्वालामुखी बुडबुडत असतात. पण ही घसरण सुरळीत नसते. दोन प्लेट्स एकमेकींना अडकून बसतात. खालची प्लेट पुढे सरकताना वरच्या प्लेटची कड आपल्याबरोबर खाली ओढते आणि त्या कडेच्या मागचा भाग हळूहळू फुगतो. शेकडो वर्षं हे असंच, मिलिमीटर मिलिमीटरने. मग एक दिवस अडकलेला भाग सुटतो. ओढलेली कड उसळून वर येते आणि मागचा फुगवटा धप्पकन खाली बसतो.

२००४ मध्ये अशी सुमारे १३०० किलोमीटर लांबीची भेग काही मिनिटांत सुटली. गंमत म्हणजे जिथे जमीन वर जाते तो भाग आणि जिथे ती खाली जाते तो भाग, यांच्यामधली रेषा अंदमानात चक्क बेटांमधून जात होती. त्यामुळे उत्तर अंदमानचा पश्चिम किनारा आणि शेजारचं इंटरव्ह्यू बेट मीटर-दीड मीटर वर आलं, आणि पाण्याखालचे प्रवाळ उघडे पडून मेले. त्याच भूकंपात पोर्ट ब्लेअर, म्हणजे २०२४ पासूनचं श्री विजयपुरम, सुमारे मीटरभर खाली गेलं आणि जवळच्या सिप्पीघाटची भातशेती खाऱ्या पाण्याखाली गेली. निकोबारमध्ये ती रेषा बेटांच्या पश्चिमेला समुद्रातून गेली. म्हणून तिकडे सगळंच खाली बसलं.

हे एकदाच घडलं असतं तर अपवाद म्हणून सोडून देता आलं असतं. पण तसं नाही. १८३५ मध्ये चिलीच्या किनाऱ्यावर मोठा भूकंप झाला तेव्हा डार्विन त्याच भागात होता. त्याच्या बीगल जहाजाचा कप्तान फिट्झरॉय याने सांता मारिया बेटावर मेलेल्या शिंपल्यांचे थर पाण्याच्या किती वर आलेत ते मोजलं. बेट अडीच-तीन मीटर उचललं गेलं होतं. पुढच्या पावणेदोनशे वर्षांत ते साधारण १.४ मीटर पुन्हा खाली गेलं आणि २०१० च्या भूकंपात १.८ मीटर वर आलं. म्हणजे प्रत्येक चक्रात बरीचशी उंची परत जाते, थोडी शिल्लक राहते. अशी शिल्लक हजारो वर्षं साठत गेली की किनाऱ्यावर पायऱ्यांसारखे सपाट कट्टे तयार होतात.

आता मुद्द्यावर येतो. इंदिरा पॉइंटच्या जवळच गॅलथिया बे आहे. तिथे मोठं ट्रान्सशिपमेंट बंदर, आणि बेटावर विमानतळ, टाउनशिप, वीज प्रकल्प अशा योजनेला नोव्हेंबर २०२२ मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली. चर्चा झाली ती जंगलाची, लेदरबॅक कासवांची, शोम्पेन लोकांची. व्हायलाच हवी होती. पण पायाखालच्या जमिनीच्या उंचीबद्दल त्या मानाने फारच कमी बोललं गेलं, आणि माझ्या मते ही मोठी चूक आहे. आपण सॉफ्टवेअरवाले बदलणारी किंमत हार्डकोड करणाऱ्याला कोड रिव्ह्यूमध्ये फाडून खातो. इथे तर समुद्रसपाटीपासूनची उंची हीच हार्डकोड होण्याची भीती आहे.

यावर ठरलेलं उत्तर येतं: "अहो, असा भूकंप शेकडो वर्षांतून एकदा होतो." सरासरी म्हणून ठीक आहे. पण याच सबडक्शन झोनवर, सुमात्राजवळच्या मेंतावाई बेटांपाशी, १७९७ आणि १८३३ मध्ये दोन प्रचंड भूकंप झाले. मधलं अंतर फक्त ३६ वर्षं! तिथल्या प्रवाळांच्या वाढीच्या कड्यांमध्ये या दोन्हींची नोंद सापडते. सरासरी हे काही टाइमटेबल नव्हे.

म्हणून तिथे काहीच बांधू नका असं मी म्हणत नाही. जपानही अशाच किनाऱ्यावर बंदरं चालवतो. पण किंमत मोजून. २०११ मध्ये ओशिका द्वीपकल्प १.२ मीटर खचला. धक्के उंच करून घेतले, तर नंतर जमीन हळूहळू वर यायला लागली आणि काही ठिकाणी तेच धक्के पुन्हा उतरवावे लागले! आपण निदान एवढं तरी करावं: डिझाइनमध्ये जमीन काही मीटर खाली जाईल हे धरूनच चालायचं, हॉस्पिटल, वीज आणि इंधनाच्या टाक्या सखल भागात ठेवायच्या नाहीत, आणि बेटांवरच्या जीपीएस आणि भरती-ओहोटीच्या नोंदी सगळ्यांना बघता येतील अशा खुल्या ठेवायच्या.

आणि हे सगळं ठरवताना ग्रेट निकोबारच्या निकोबारी लोकांना समोर बसवायला हवं. २००४ मध्ये त्यांची किनाऱ्यावरची गावं गेली. तेव्हापासून त्यांना कॅम्पबेल बे भागात राहावं लागलं आणि आपल्या मूळ जागी परत जाऊ द्या असं ते मागत आलेत. जमीन खाली जाते म्हणजे काय होतं, हे त्यांना कुठल्याही मॉडेलशिवाय माहीत आहे.

असो. रविवारचं लेक्चर आज जरा लांबलं. पुढच्या वेळी कोणी "किनारपट्टी विकास" असा शब्द वापरला, तर एकच प्रश्न विचारा: तुम्ही धरलेली उंची कुठल्या वर्षीची?