घरातली एक वस्तू : पाच व्होल्टचा बोर्ड

मंडळी, दिवाळी अंकात दरवर्षी घरातल्या एका वस्तूबद्दल लिहायचं, असं हे सदर सुरू करताना ठरलं होतं. गेल्या वर्षी इचलकरंजीहून सामानात आणलेल्या बिडाच्या तव्याबद्दल लिहिलं, तर बऱ्याच जणींचे फोन आले. यंदाची वस्तू स्वयंपाकघरातली नाही. ती लेकाच्या टेबलावर असते, तळहाताएवढी आहे, आणि तिचा पहिला अवतार माझ्या हातून जळाला. तेव्हा आधी कबुली देते, मग बाकीचं.

लेक बारा वर्षांचा आहे. त्याला बिटकॉइनचं मायनिंग करायचं होतं. सुरुवातीला त्याची नजर जुन्या, मोठ्या यंत्रावर होती. अँटमायनर एस९ म्हणून एक जुनं यंत्र स्वस्तात मिळतं. मी एम.ए. मराठी, व्होल्ट आणि अँपिअरशी माझं नातं विजेच्या बिलापुरतं. पण बिल मला वाचता येतं. ते यंत्र तेराशे वॉटच्या वर वीज खातं. म्हणजे केस वाळवायचा ड्रायर चोवीस तास चालू ठेवायचा, आणि आवाज मिक्सरचा. दिवसाला ३१ युनिट! जून २०२५ मध्ये न्यू जर्सीत विजेची बिलं १७ ते २० टक्क्यांनी वाढली, हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहेच. शिवाय इथल्या घरातलं साधं १५ अँपिअरचं सर्किट सतत चालणाऱ्या यंत्राला १४४० वॉटपर्यंतच वापरायचं असतं. त्याच सर्किटवर कुणी इस्त्री लावली की संपलं. मी "नाही" म्हटलं, आणि कारण कागदावर मांडून दाखवलं. शिक्षिकेची सवय.

मग त्यानं बिटअ‍ॅक्स शोधून काढला. याचा आराखडा सर्वांसाठी खुला आहे. कुणीही बनवावा, कुणीही सुधारावा. मोठ्या यंत्रात शेकड्यांनी चिपा असतात, यात एकच. त्यानं निवडलेल्या 'गॅमा' प्रकारात बीएम१३७० नावाची चिप असते. बिटमेनच्या एस२१ प्रो या मोठ्या यंत्रात असते तीच. वीज साधारण १७ वॉट. चिप आणि बारीक भाग डकवलेला बोर्ड विकत मिळतो. उष्णता शोषणारा अ‍ॅल्युमिनियमचा पंखुड्यांचा ठोकळा, म्हणजे हीटसिंक, शिवाय पंखा, स्टँड आणि अ‍ॅडॉप्टर आपण निवडून जोडायचे. वाढदिवसाचे आणि इचलकरंजीहून निघताना आजी-आजोबांनी हातावर ठेवलेले पैसे त्यानं साठवले होते. जूनमध्ये शाळा संपली तेव्हा सगळं मिळून दीडशे डॉलरच्या आत बसलं. लहानसा पडदा उजळला, त्यावर आकडे पळू लागले. आठवडाभर जेवणाच्या ताटावर दुसरा विषय नव्हता.

गणपतीच्या आदल्या दिवशी मी त्याच्या खोलीत झाडलोट करत होते. सगळ्या वायरी काढल्या, टेबल पुसलं, पुन्हा लावल्या. बोर्डाच्या पिनेत बसणारी काळी वायर दिसली, ती खोचली. टिक् असा आवाज, मग जळका वास. पडदा काळा.

ती वायर राउटरची होती. राउटर १२ व्होल्टवर चालतो, बोर्ड ५ व्होल्टवर. पिना मात्र अगदी सारख्या, गोल, एकाच मापाच्या. १९३८ साली रेडिओच्या नाटकात मंगळावरचे लोक आमच्याच गावच्या ग्रोव्हर्स मिलला उतरले होते आणि ऐकणाऱ्यांत नसती घबराट झाली होती. माझी घबराट खरी होती. वायर उपटली, खिडकी उघडली, बोर्ड बशीत ठेवून मागच्या डेकवर नेला. आग वगैरे काही नव्हती. बोर्ड मात्र गेला होता.

लेक मित्राकडे होता. परतायला तीन तास. त्या तीन तासांत माझ्या मनात काय आलं ते प्रामाणिकपणे सांगते. तसाच दुसरा बोर्ड गुपचूप मागवावा, तोवर "राउटर बंद आहे, नंतर लाव" असं काहीतरी सांगावं. सात वर्षं शाळेत मुलांना खरं बोलायला शिकवलेली बाई मी!

शेवटी अण्णांना फोन लावला. तिकडे रात्रीचे दीड वाजले होते. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, झोप कमीच. इचलकरंजीत त्यांचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. यंत्रमागाच्या मोटारी भरण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली. सगळं ऐकून ते म्हणाले, "अगं, माझ्या हातनं बी जळलीय की. गिऱ्हाइकाची मोटर स्टारमध्ये जोडायची, ती मी डेल्टात जोडली. पावणेदोन पट व्होल्टेज बसलं वाइंडिंगला. धूर! मालकाला घरी जाऊन सांगितलं, रात्रभर बसून फुकट भरून दिली. पुढं वीस वर्षं तो माझ्याकडंच येत होता. पोराला खरं सांग. आणि दुसऱ्यांदा जोडताना त्याला बरोबर घेऊन जोड."

खरं सांगितलं. लेक बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "आई, अ‍ॅडॉप्टरवर लिहिलेलं वाचलं नाहीस?" प्रश्न नीट वाच, मग उत्तर लिही, हे मी त्याला रोज सांगते. मला काही बोलता आलं नाही. अण्णांनी साडीसाठी दिलेले पैसे अजून तसेच होते, त्यातून दुसरा बोर्ड मागवला. साडी काय, पुढल्या दिवाळीला.

आता या वेळी आम्ही दोघांनी मिळून जे शिकलो ते लिहिते. मंडळातल्या निदान तीन घरांतली मुलं हेच मागताहेत, असं कानावर आलं आहे.

पहिला भाग अ‍ॅडॉप्टर. सगळे याला शेवटी निवडतात, उरलेल्या पैशांत. निवडायचा मात्र सगळ्यांत आधी. बरोबर ५ व्होल्ट, आणि अँपिअर गरजेहून जास्त. १७ वॉट म्हणजे ५ व्होल्टला साडेतीन अँपिअरच्या आसपास. आम्ही ६ अँपिअरचा घेतला. अँपिअर जास्त असले तर बिघडत नाही, बोर्ड लागतील तेवढेच घेतो. व्होल्ट जास्त असले तर काय होतं ते वर सांगितलंच. यूएलची खूण असलेलाच घ्या. फोनचा चार्जर आणि बारीक वायर जोडणी करून चालवू नका. एवढ्या प्रवाहाला ती वायरच तापते.

दुसरा भाग हीटसिंक, आणि त्याच्या नि चिपेच्या मधली पेस्ट. दोन्ही पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसले तरी मध्ये हवेच्या फटी राहतात, आणि हवा उष्णता नीट वाहून नेत नाही. त्या फटी भरायला पेस्ट. साबुदाण्याच्या दाण्याएवढी पुरते. लेकानं पहिल्यांदा श्रीखंडासारखी थापली होती. जाड थर झाला की पेस्टच आडवी येते, कारण ती हवेपेक्षा बरी असली तरी धातूइतकी चांगली नाही. आणि स्क्रू एकेक करून पूर्ण पिळायचे नाहीत. गाडीच्या चाकाचे नट आवळतात तसे समोरासमोरचे, थोडे थोडे. नाहीतर ठोकळा एका बाजूला उचलला जातो.

तिसरा भाग पंखा. ४० मिलिमीटरचा, चार वायरींचा, म्हणजे बोर्डाला त्याचा वेग कमीजास्त करता येतो. आम्ही ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआ कंपनीचा घेतला, कारण तो रात्री ऐकू येत नाही. तोही ५ आणि १२ अशा दोन्ही व्होल्टांत मिळतो. मागवताना आम्ही दोघांनी आकडा मोठ्यानं वाचला. पंख्याच्या ज्या बाजूला आडव्या दांड्या असतात त्या बाजूनं वारा बाहेर पडतो. ती बाजू हीटसिंककडे.

सगळं जोडून झालं. चिपेचं तापमान ५७ अंश. चिरंजीव खूश. व्हिडिओ कॉलवर अण्णांना दाखवलं. अण्णांनी चष्मा लावला, बोर्ड उलटा धरायला सांगितला आणि विचारलं, "ही वीज उतरवून चिपेला देणारा भाग कुठं हाय? त्याला वारा मिळतो का?"

आम्ही तिकडे पाहिलंच नव्हतं. बोर्डाला ५ व्होल्ट मिळतात, चिपेला मात्र सव्वा व्होल्टही लागत नाही. मध्ये एक छोटा भाग व्होल्टेज उतरवतो, आणि तो स्वतः चांगलाच तापतो. त्याचं तापमान पडद्यावर वेगळं दिसतं. आमचं ८१ होतं. चिपेवर एवढा मोठा ठोकळा, वर पंखा, आणि सगळा भार वाहणारा हा बिचारा उघडा. शिवाय लेकानं बोर्डासाठी लेगोचं सुंदर घर बांधलं होतं, मागची भिंत अगदी चिकटून.

अण्णा म्हणाले, "मोटर भारानं कमी जळती, कोंडल्यानं जास्त. आमच्याकडं सुताची पिंजण जाळीत बसायची. मोटर चांगली, वाइंडिंग चांगलं, पंखा फिरतोय, पण वारा आत जातोय कुठं? निम्म्या मोटारी मी भरायच्या आधी नुसत्या झाडून दिल्यात."

लेगोची मागची भिंत काढली. त्या भागाच्या मागच्या बाजूला चिकटवायचा छोटा हीटसिंक लावला, बोर्ड टेबलापासून दोन बोटं उचलला. ८१ वरून ६६. लेकानं वहीत तारखेसह लिहून ठेवलं. आता दर रविवारी, मराठी शाळेला निघायच्या आधी, तो जुन्या ब्रशनं पंख्यावरची गालिच्याची कुसं झाडतो.

इचलकरंजीत असाच एक लावावा, असं अण्णांच्या मनात आलं होतं. त्यावर नातवानंच त्यांना गणित घातलं. आमची खोली २२ अंशांची, चिप ५७, म्हणजे खोलीहून ३५ अंश वर. पंखा कितीही चांगला असला तरी तो खोलीतलीच हवा मारणार. तिकडे मे महिन्यात खोली ४० अंश झाली की ४० आणि ३५, पंचाहत्तर. बरोबर त्याच आकड्याला या बोर्डाचं सॉफ्टवेअर काम थांबवतं. वर पिंजण आणि व्होल्टेजचे झटके. मी त्यात आणखी एक भर घातली. भारतात २०२२ पासून अशा कमाईवर ३० टक्के कर आहे, आणि तो मोजताना विजेचा खर्च वजा करता येत नाही. अण्णा हसले, "म्हंजे पंखा पण माझा, बिल पण माझं."

आता तुम्ही विचाराल, आणि माझ्या नवऱ्यानं प्रिन्स्टन जंक्शनहून गाडी पकडता पकडता रोज विचारलं, की मिळतं किती? तेही कागदावर मांडलं. आमचा बोर्ड सेकंदाला सुमारे एक लाख कोटी प्रयत्न करतो. ऐकायला केवढं वाटतं! पण जगभरची यंत्रं मिळून याच्या शंभर कोटी पट प्रयत्न करतात. साधारण दर दहा मिनिटांनी एकाला 'ब्लॉक' लागतो, वर्षाला ५२,५६०. भागाकार केला तर आमची पाळी सरासरी १९,००० वर्षांत एकदा. अशा चिमुकल्या बोर्डाला ब्लॉक लागल्याच्या एक-दोन बातम्या आहेत, तशा लॉटरीच्याही असतात. एप्रिल २०२४ पासून एका ब्लॉकचं बक्षीस ३.१२५ बिटकॉइन. एक बिटकॉइन लाख डॉलरचा धरला तरी बोर्डाची वर्षाची सरासरी कमाई सोळा डॉलर. वीज वर्षाला दीडशे युनिट. आमच्या बिलात युनिटला २२ सेंट पडतात, म्हणजे तेहतीस डॉलर.

लेकानं वजाबाकी दोनदा केली. मला वाटलं, हिरमुसेल. तो म्हणाला, "मग वर्षाला सतरा डॉलरचा क्लास झाला हा." इथल्या क्लासच्या फिया तुम्हाला माहीत आहेत. आम्ही बोर्ड ठेवला. एक अट मात्र घातली: घरात कुणी नसताना तो बंद.

या दिवाळीच्या साफसफाईत एक काम नक्की करा. घरातले सगळे अ‍ॅडॉप्टर एका ठिकाणी काढा आणि प्रत्येकावर चिकटपट्टी लावून लिहा, कशाचा आणि किती व्होल्टचा. आमच्याकडे अकरा निघाले. त्यांतले तीन कशाचे ते कुणालाच सांगता आलं नाही, ते टाकून दिले. चिठ्ठ्या लेकानं लिहिल्या, मराठीत, मराठी अंकांत. "राउटर १२", "बोर्ड ५". एकीवर मात्र त्यानं जरा जास्त लिहिलं आहे, "बोर्ड ५. आई, वाच."

वाचते.

सर्वांना शुभ दीपावली. पुढच्या वर्षी पुन्हा एका वस्तूसह भेटू.