पदक जन्माने मिळत नाही

वऱ्हाडातील बौद्ध बंधुभगिनींनो, लढवय्येपणा ठराविक जातींच्या रक्तात असतो, हे थोतांड तुम्हांस अद्याप ऐकविले जाते. त्यावर विश्वास ठेवू नका. १ जानेवारी १८१८ रोजी महार शिपाई कोरेगावास लढले. त्यांची नावे तेथील स्तंभावर आहेत. त्याच इंग्रज सरकारने १८९२ साली महारांची भरती बंद केली. मधल्या काळात रक्त बदलले काय? हे दार उघडावे म्हणून शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली भारतमंत्र्यांकडे अर्ज धाडला. महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा, १९१७ साली, १११ वी महार पलटण उभारली गेली. गरज सरताच १९२१ साली ती मोडली. १९४१ साली पुन्हा महार रेजिमेंट उभारावी लागली. ज्यास छावणीच्या दारातच अडविले, त्याने पदक कोठून आणावे?

नोकरीची वर्षे भरल्यावर मिळते ते सेवापदक निराळे. परमवीरचक्र शत्रूसमोरील अतुल पराक्रमासाठी आहे. ते हुद्दा पाहत नाही, कुळ तर नाहीच. २५ नोव्हेंबर १९८७ रोजी श्रीलंकेत छातीत गोळी लागली असताही लढत राहिलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन आठव्या महार पलटणीचे. हे तमिळ गृहस्थ; जन्म मुंबईचा. त्यांस ते मरणोत्तर मिळाले. चक्र कांशाचे असते, सोन्याचे नव्हे!

अमरावती-अकोल्याकडील कोणाच्या पेटीत पहिल्या महायुद्धाचे चांदीचे पदक असेल, तर ते सराफाकडे मोडीत घालू नका. त्याच्या कडेवर बहुधा शिपायाचा क्रमांक, नाव व पलटण कोरलेली असते. ती अक्षरे मुलांकडून वाचवून घ्या आणि वहीत उतरवून ठेवा.